सुरतेची दोन घरे

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपणा सर्वांना अगदी लहानपणी एक प्रश्न विचारला गेला होता. देवाने मनुष्याला कशासाठी निर्माण केले? आपण हात जोडून, एका सुरात त्याचे उत्तर दिले होते. देवाला ओळखावे, त्याच्यावर प्रीती करावी, त्याची सेवा करावी आणि अखेर त्याच्या सन्निध अक्षय सुख भोगावे, हे त्या उत्तराचे सार. उत्तर खरे आहे. त्यात फेरफार करण्याचे काहीच कारण नाही. परंतु, वाचकहो, पाठ असलेले उत्तर आणि जगण्यात उतरलेले उत्तर यांत अंतर असते. ते किती असू शकते, हे मला एका कष्टकरी गृहस्थाने शिकविले.

हे गृहस्थ साठीच्या पुढचे. आमच्या बाजूच्या गावांतून पोटासाठी जे अनेक जण तरुणपणी सुरतेस गेले, त्यांपैकी ते एक. उधन्याकडील एका यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बारा बारा तासांच्या पाळ्या केल्या. मागांच्या खडखडाटाने कान मंद झाले, सुताच्या धुळीने छाती भरून आली. गावी परतले ते अगदी रिकाम्या हातांनी नव्हे, पण भरल्या हातांनीही नव्हे. पत्नी निवर्तलेली, मुले आपापल्या संसारात गुंतलेली. एके सायंकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर ते माझ्याकडे आले. बराच वेळ गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले, "फादर, जन्मभर लोकांसाठी साड्या विणल्या. देवानं मला कशापायी धाडलं होतं, ते काही कळलं नाही. आणि आता कळून तरी काय उपयोग?"

मी त्यांना धर्मशिक्षणातलेच उत्तर दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि म्हणाले, "ते तर मला पाठ आहे, फादर." मग काठी उचलून ते निघून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाकर मागायला आलेल्या माणसाच्या हाती मी भाकरीचे चित्र ठेवले होते.

अंथरुणावर पडल्या पडल्या ज्या सुरतेत या माणसाचे आयुष्य खर्ची पडले, तिच्याविषयी मी विचार करू लागलो. त्याच शहराच्या इतिहासातला, सेमिनरीत असताना वाचलेला एक प्रसंग मला आठवला. तो आपणा मराठी माणसांना अर्धा ठाऊक आहे. उरलेला अर्धा सहसा सांगितला जात नाही. तोच आज सांगावयाचा आहे.

शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. साल १६६४, महिना जानेवारी. तापी नदीच्या काठचे सुरत त्या वेळी मोगल बादशाहीतील सर्वांत श्रीमंत बंदर होते. मक्केस जाणारे यात्रेकरू तेथून गलबतात बसत. इंग्रज आणि डच कंपन्यांच्या वखारी तेथे होत्या. मिरी, नीळ, कापड आणि रुपे यांचा व्यापार तेथे चाले. विरजी व्होरा नावाचा सावकार तर इतका धनाढ्य होता की, इंग्रज कंपनीदेखील त्याच्याकडून कर्ज घेई. त्या आधीची तीन वर्षे शाइस्ताखानाने पुणे प्रांतात ठाण मांडून स्वराज्याची नासाडी केली होती. तिची भरपाई बादशहाच्या खजिन्यातून करून घ्यावी, या हेतूने महाराज सह्याद्री उतरून सुरतेवर गेले.

शहरात एकच हाहाकार उडाला. नगराचा सुभेदार इनायतखान रयतेस वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. ज्यांना शक्य झाले ते नावांतून आणि पायवाटांनी पळाले. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी आपापल्या वखारींची दारे लावून घेतली आणि बंदुका सज्ज ठेवल्या. पुढचे काही दिवस लूट चालली, आगी लागल्या. विरजी व्होराचा वाडा रिकामा झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई चार दिवसांत उंटाघोड्यांवरून निघून गेली.

या धामधुमीत दोन घरे मात्र सुरक्षित राहिली. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या काळी औरंगजेबाच्या दरबारी होता. त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात या दोन्ही घरांची नोंद करून ठेवली आहे.

पहिले घर होते फादर अँब्रोज या कापुचिन धर्मगुरूंचे. कापुचिन म्हणजे संत फ्रान्सिस असिसीकरांच्या मार्गाने चालणारे, जाडाभरडा तपकिरी झगा घालणारे, अंगावरच्या वस्त्रापलीकडे आपले म्हणून काही न बाळगणारे संन्यस्त. फादर अँब्रोज फ्रेंच होते. परंतु त्या वेळी सुरतेत फ्रेंच कंपनीची वखारच नव्हती. ती पुढे चार वर्षांनी, १६६८ साली निघाली. म्हणजे त्यांच्या पाठीशी ना तोफ, ना तटबंदी, ना राजाचा वकील. महाराजांनी आपल्या लोकांना ताकीद दिली की, हे पाद्री सज्जन आहेत, त्यांच्या घरास उपद्रव देऊ नये.

महाराजांना हे कसे कळले? त्यानंतर दोन वर्षांनी थेवनो नावाचा दुसरा एक फ्रेंच प्रवासी सुरतेस आला होता. त्याने याचा खुलासा केला आहे. लुटीच्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या सुमारास, फादर अँब्रोज आपण होऊन महाराजांच्या भेटीस गेले. शहरातल्या गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाची चिंता त्यांना लागली होती. निदान या माणसांच्या अंगास हात लावू नये, एवढीच त्यांनी विनंती केली. महाराजांनी त्यांचा आदर केला, त्यांना आपल्या संरक्षणाखाली घेतले आणि त्यांचे मागणे मान्य केले. मागणे होते माणसांसाठी. घर त्यांनी मागितले नव्हते. सुभेदार किल्ल्यात लपून बसलेला असताना एक निःशस्त्र फकीर उघड्या रस्त्याने विजेत्याच्या छावणीकडे चालत गेला, ते दुसऱ्यांचे प्राण वाचविण्यासाठी.

दुसरे घर याहूनही नवल वाटावे असे आहे. ते होते डच कंपनीच्या एका हिंदू दलालाचे. दलाल म्हणजे व्यापारातला मध्यस्थ. दोन्ही बाजूंशी बोलून सौदा जमवावा आणि आपली दलाली घ्यावी, हा त्याचा व्यवसाय. मनुष्य पैसेवाला होता, आणि त्या दिवसांत मालदार घर म्हणजे लुटीचे घर. शिवाय घरमालक हयातही नव्हता. असे असूनही त्या घराला कोणी हात लावला नाही; कारण महाराजांना सांगण्यात आले की, हा मनुष्य जिवंत असताना मोठा दानधर्मी होता.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. मेलेल्या माणसाने आपल्या घराच्या रक्षणासाठी काय केले असेल? त्याच्या हाती काहीच उरले नव्हते. त्याच्या बाजूने कोणी तरी बोलले. ते कोण, याची नोंद नाही. परंतु ज्यांच्या पदरात त्याने कधी काही घातले होते, अशांच्या तोंडीच त्याचे नाव राहिलेले असणार, हे समजण्यास फार विद्वत्ता नको.

या दोन घरांतले माणूस जितके वेगळे असू शकते तितके वेगळे होते. एक संन्यासी, दुसरा संसारी. एकाने धन टाकले, दुसऱ्याने कमावले. एक ख्रिस्ती, दुसरा हिंदू. एक चालून गेला, दुसरा स्मशानात गेलेला. तरी संकटाच्या घडीस दोघांविषयी एकच प्रश्न विचारला गेला: हा मनुष्य कोणासाठी जगला? "याच्याजवळ किती आहे?" हा प्रश्न त्या दिवसांत सुरतेतल्या प्रत्येक दारावर विचारला जात होता, फक्त या दोन दारांवर तो मागे पडला.

आपण आपल्या मुलांना विचारतो, "तू पुढे कोण होणार?" परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी हाच घोष सुरू होतो. प्रश्न वाईट नाही. पोट प्रत्येकाला आहे. परंतु एवढ्यानेच जीवनाचे प्रयोजन सापडेल, अशी आपली समजूत झालेली आहे, आणि तेथेच आपण फसतो. डॉक्टर झालेला मनुष्यदेखील "मी कशासाठी जगतो?" असे विचारीत रात्र रात्र जागतो. "कोण होणार?" याच्यामागे "कोणासाठी होणार?" हा प्रश्न उभा आहे. त्याचे उत्तर देण्यास ना पदवी लागते, ना पैसा. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली स्पष्ट शिकविले की, पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे. ते धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी यांचीच मिरास नव्हे. शेतकरी, गृहिणी, कामगार यांनाही आपापल्या स्थितीत तेच पाचारण आहे. पुढच्याच वर्षी त्याच परिषदेने सांगितले की, मनुष्याला स्वतःचा शोध लागतो तो स्वतःचे निष्कपट दान करण्यातच.

सुरतेनेच हा धडा आपल्या काळातही एकदा गिरविला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये त्या शहरात प्लेगचा धसका बसला आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. सरकारी इस्पितळातील कितीतरी डॉक्टर, परिचारिका आणि सेवक मात्र रुग्णांपाशी राहिले. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज कचेरी सोडून प्रत्यक्ष गल्ल्यांत हिंडावे, असा दंडक त्यांनी घातला. उकिरड्यांसाठी कुप्रसिद्ध झालेले ते शहर दीड-दोन वर्षांत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. यात आयुक्तांचे श्रेय आहेच. परंतु पहाटे हाती झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेल्या सफाई कामगारांचे श्रेय कमी नाही. त्यांच्यामुळे कोणाचे तरी तान्हे मूल तापाने फणफणले नाही. त्या मुलाचे नाव त्यांना कधीच कळणार नाही. देवाला ते ठाऊक आहे.

येथे एखादा विचारी वाचक हरकत घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. तो म्हणेल, "फादर, भल्या माणसाचे घर वाचते असे आपण सुचविता; पण आम्ही तर भल्यांचीच घरे जळताना पाहिली आहेत." ही हरकत खरी आहे. विरजी व्होरा वाईट होता आणि म्हणून लुटला गेला, असे मी म्हणत नाही. तसा न्याय करण्याचा मला अधिकार नाही. चांगुलपणा हा घराचा विमा नव्हे. त्याचा पुरावा आपल्या वसईनेच दिलेला आहे.

संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईस जन्मले. वडील पोर्तुगीज, आई याच मातीतली. येशूसंघीय धर्मगुरूंपाशी ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि ते धर्मशिक्षकाचे काम करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती. ती पुरी झाली नाही. ते दार बंद झाल्यावर ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा जमही बसला. जगाच्या दृष्टीने आयुष्य मार्गी लागले होते. परंतु अंतर्यामी ओढ होतीच. पुढे मनिला येथे, १५८८ साली, संत फ्रान्सिसच्या संघात एक साधे बंधू म्हणून त्यांनी प्रवेश घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत. १५९३ साली त्या संघाचे धर्मगुरू जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाष्याची गरज पडली. आणि निराशेच्या वर्षांत कमावलेली ती जपानी भाषाच गोन्सालोंच्या पाचारणाची किल्ली ठरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले.

फादर अँब्रोज आणि गोन्सालो गार्सिया हे दोघेही संत फ्रान्सिसचेच पुत्र. एकाचे दार शस्त्रधाऱ्यांनी ओलांडले नाही, दुसऱ्याची कूस भाल्याने भेदली. मग एकाचे जीवन सफल आणि दुसऱ्याचे विफल, असे म्हणावे काय? मुळीच नाही. दोघांनीही स्वतःला आधीच देऊन टाकले होते. लुटावे असे त्यांच्यापाशी काही उरलेच नव्हते. घर राहणे वा न राहणे हे देवाच्या हाती. ते कोणासाठी उघडे ठेवावे, एवढेच आपल्या हाती.

आता व्यवहाराची गोष्ट. आपले प्रयोजन ओळखावे कसे? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या आपल्या ग्रंथात यासाठी साध्या युक्त्या सांगितल्या आहेत. १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने पाय जायबंदी होऊन ते अंथरुणास खिळले होते. तेथे त्यांच्या ध्यानी आले की, मानसन्मानाची स्वप्ने रंगविताना मन सुखावते, परंतु मागाहून शुष्क होते. आणि संतांप्रमाणे देवाची सेवा करावी असा विचार आला, तर तो ओसरल्यावरही मागे समाधान रेंगाळते. तेव्हा पहिली खूण ही: कोणत्या कामानंतरचा आनंद दुसऱ्या दिवशीही टिकतो, ते पाहावे. दुसरी युक्ती अशी की, आपल्याच परिस्थितीतला एखादा अनोळखी मनुष्य आपल्यापाशी सल्ला मागण्यास आला आहे असे कल्पावे, त्याला आपण काय सांगू ते ठरवावे आणि मग तेच स्वतः करावे. आणि तिसरी: मरणाच्या घडीस आपण कोणता निर्णय घेतलेला असावा असे आपल्याला वाटेल, याचा विचार करून आजच तो निर्णय घ्यावा.

या तीन कसोट्या घरातल्या घरात, रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत लावता येतात. मुलाने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, मुलीने परिचारिका व्हावे की शिक्षिका, जमीन विकावी की राखावी, हे प्रश्नदेखील त्यांच्या उजेडात पाहावेत. सर्वच प्रश्न एका रात्रीत सुटणार नाहीत. गोन्सालोंना पंधरा-सोळा वर्षे वाट पाहावी लागली. परंतु वाट पाहण्याचा काळ वाया जातो असे नव्हे. त्या काळातच ते जपानी शिकले होते.

आता त्या काकांकडे वळतो. त्यांना मी दिलेले उत्तर मला सलत होते. काही दिवसांनी आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण कुटुंबाच्या घरी आशीर्वादाची प्रार्थना करण्यास गेलो. तो गृहस्थ आज सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. बोलता बोलता मी त्या काकांचा विषय काढला, तसा तो चटकन उठून बसला. "फादर, सुरतेत माझी पहिली रात्र त्यांच्याच खोलीत गेली. माझीच काय, आमच्या गावातून गेलेल्या कितीतरी पोरांची. दहा बाय दहाची खोली. पण नवा आलेला पोरगा त्यांनी कधी स्टेशनावर झोपू दिला नाही. काम लागेपर्यंत जेवायला घालायचे. रविवारी पहाटे उठवून मिस्साला न्यायचे, नाही म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. एकदा मी दारूच्या नादी लागलो, तर माझा पगार स्वतःकडे ठेवून आईला मनीऑर्डर केली."

मी थक्क झालो. दुसऱ्याच दिवशी काकांकडे गेलो आणि सुरतेच्या दोन घरांची ही कथा त्यांना सांगितली. ती संपल्यावर म्हणालो, "काका, त्या शहरात तिसरेही एक घर होते. दहा बाय दहाचे." त्यांना उमगेना. मग मी त्या तरुणाचे बोल त्यांना सांगितले. ते ऐकून काका ओशाळल्यासारखे हसले. म्हणाले, "ते होय? ते तर कोणीही केलं असतं, फादर. गावची पोरं, रस्त्यावर कशी टाकायची?"

"सगळ्यांनी केलं नाही," मी म्हणालो.

ते पुन्हा गप्प बसले. परंतु ही शांतता निराळी होती. थोड्या वेळाने त्यांनी त्या मुलांची नावे एकेक करून आठवायला सुरुवात केली. कोण कोठे असतो, कोणाचे लग्न झाले, कोण वाट चुकला आणि अजून परतला नाही. शेवटच्या नावाशी त्यांचा आवाज अडला. मी सुचविले की, या प्रत्येकासाठी रोज जपमाळेचा एकेक मणी त्यांनी अर्पण करावा. छाती साथ देत नसली तरी हे काम अजून शिल्लक आहे. आता सायंकाळी ते दाराशी बसून तेच करताना दिसतात. मणी कमी पडतात, अशी त्यांची तक्रार आहे.

वाचकहो, मनुष्याचे प्रयोजन बहुधा त्याच्या स्वतःच्या नजरेस पडत नाही. कारण ते त्याच्या पाठीमागे, त्याने सावली दिलेल्या माणसांत असते. शेवटच्या दिवशी प्रभू येशू आपल्याला विचारील, ते भुकेल्याला घास दिला काय आणि परक्याला घरात घेतले काय, हेच. तेव्हा त्याच्या उजव्या हाताची माणसेही चकित होऊन म्हणतील की, प्रभो, हे आम्ही कधी केले? आमच्या काकांनी मला तोच प्रश्न विचारला.

आज रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरातल्या थोरामोठ्यांनी मुलांसमक्ष एवढेच बोलावे: आपले घर कोणासाठी उघडे आहे? ज्याच्यासाठी उघडे असावयास हवे, असा कोणी दाराबाहेर उभा तर नाही ना? एखादे नाव मनात आले, तर उद्याच्या कामाची सुरुवात तेथूनच करावी. देव आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.